धुकं असावं

आमच्या कार्यालयात 'आहे' हा शब्द चालत नाही. 'असावा', 'संभवतो', 'शक्यता नाकारता येत नाही' असंच लिहायचं. नवीन माणूस रुजू झाला की मोठ्या मॅडम त्याला पहिल्या दिवशी हे शिकवतात, बसायला खुर्ची नंतर देतात. उपग्रह आकाशातून खाली बघतो, आम्ही त्याने पाठवलेलं चित्र बघतो, आणि चित्रात ढळढळीत धूर दिसला तरी तो धूर 'असावा'. बावीस वर्षं मी हेच लिहिते आहे. माझ्या वडिलांना याचं भारी हसू यायचं. "हिला जेवलीस का म्हणून विचारा," ते म्हणायचे, "म्हणेल, जेवले असावे."

बाबा काच कापायचे. गावातल्या निम्म्या खिडक्या, आरसे, दुकानांची कपाटं त्यांच्या हातची. काचेवर हिरकणीने रेघ ओढली की ओढली, पुसायची सोय नाही, त्यामुळे 'असावं' वगैरे थेरं त्यांच्या धंद्यात बसत नव्हती. मी उपग्रहाच्या चित्रावर धुराभोवती रेघ ओढते आणि आत धूर पातळ असेल तर पिवळा, नाहीतर मध्यम किंवा दाट असा रंग भरते, हे त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे मी काच कापली आणि तू धूर कापतेस. बरंय तुझं, चुकून तुटला तर झाडून घ्यायला नको."

काचेच्या कडा घासताना पूड उडते. ती चाळीस वर्षं त्यांच्या नाकातोंडात गेली. फडकं बांधा म्हटलं की, "मी काय दरोडा घालायला चाललोय?" आधी नाक गेलं. दूध करपून घरभर धूर झाला तरी त्यांना पत्ता नसायचा. मग फुप्फुसं गेली. शेवटची दोन वर्षं प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकात आणि यंत्र पलंगाशेजारी घुरघुरत असायचं. त्या यंत्राला ते 'जावई' म्हणत. मी लग्न केलं नाही, आणि हा घरात बसून नुसता आवाज करतो, म्हणून.

घर दरीत आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, यायला-जायला एकच रस्ता. दादा त्यांच्याजवळ राहायचा. डोंगरापलीकडचं जंगल पेटलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहिनी मुलांना घेऊन तिच्या आईकडे गेली. मी तिथून चार तासांवर, शहरात, सहाव्या मजल्यावर.

मग बाबांना तेव्हाच का हलवलं नाही, हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. ज्यांनी आयुष्यात कधी त्यांच्याशी वाद घातला नव्हता, त्यांनी तर आवर्जून विचारलं. तर ऐका. मागच्या वर्षीच्या आगीत मी हलवलं होतं. धूर दरीत उतरण्याची दाट शक्यता दिसत होती, मी फोन करून ओरडले, दादाने बाबांना आणि जावयाला गाडीत घातलं. रस्त्यावर सगळा गाव. चार तासांचे आठ तास झाले, वाटेत यंत्राची बॅटरी संपली, आणि शेवटचा दीड तास बाबा माशासारखे तोंड उघडून बसले होते. संध्याकाळी वारा फिरला. दरीवरचं आकाश पुढचे चार दिवस धुऊन काढल्यासारखं निळं होतं. बाबा माझ्या घरी कोचावर बसून ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी निघताना म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही, काय?" आणि वर, "आता मला घरातून काढायचं असेल तर चौघं घेऊन ये."

मी कानाला खडा लावला. त्यानंतर त्यांना जे सांगायचं ते पक्कं झाल्यावरच सांगायचं, असं ठरवलं.

आता पक्कं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. सूर्य उगवल्यावर पहिल्या चित्रात दरीत साचलेलं धुकं आणि दरीत साचलेला धूर सारखेच दिसतात. ऊन तिरपं असतं, दोन्ही पांढरेच उजळतात. रात्रीची चित्रं उष्णतेवरून काढलेली असतात, त्यात धुकं कळतं आणि धूर कळत नाही, पण वरून ढगांचा पडदा गेला की तेही खुंटलं. अशा वेळी आमच्याकडे एकच नियम आहे आणि तो गुरुजींचा. गुरुजी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. इथे येण्याआधी शाळेत भूगोल शिकवायचे आणि अजूनही आम्हाला शिकवतात. दर दहा मिनिटांनी एक चित्र येतं. तीन चित्रं बघायची, मगच तोंड उघडायचं. धुकं कडेकडून सुटतं. ऊन चढू लागलं की त्याच्या कडा आत सरकतात. धूर कडा सोडत नाही. "एका चित्रावर बोलतो तो ज्योतिषी," गुरुजी म्हणतात, "दोनवर बोलतो तो साहेब, आणि तीनवर बोलतो तो आपल्यातला."

त्या दिवशी मी साडेपाचला टेबलावर बसले. रात्रभर दरीवरून पातळ ढग गेले होते, त्यामुळे रात्रीची चित्रं निरुपयोगी. गावातल्या शाळेच्या छपरावर हवा मोजायचं एक यंत्र होतं, ते वीज गेल्यापासून दोन दिवस मुकं होतं. सहा चाळीसला उजेडातलं पहिलं चित्र उघडलं. दरी काठोकाठ पांढरी होती. आगीचे लाल ठिपके डोंगरापलीकडेच होते, आदल्या दिवशी होते तिथेच. एवढं बघून होतंय तोच दादाचा फोन आला.

"अगं, बाहेर सगळं पांढरं झालंय," तो म्हणाला. जीभ जड झालेली. चार दिवस तो झोपला नव्हता. वीज गेली की यंत्र बॅटरीवर, बॅटरी उतरली की ती गाडीवर लावून भरायची, दाराखिडक्यांच्या फटींना ओल्या चादरी, त्या वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. "धूर आहे का धुकं?"

"वास कसला येतोय?"

"वासाचं विचारूच नकोस. चार दिवस उशीलासुद्धा धुराचा वास येतोय. पाण्याला येतोय. माझं नाक कामातून गेलं आता."

मागून बाबा बोलले. त्यांना एका दमात चार-पाच शब्दांच्या वर जमत नसे, पण ते चार-पाच शब्द अख्ख्या घराला ऐकू जात. "विचार तिला... खिडकी उघडायची का. चार दिवस... बरणीत घालून झाकण लावलंय मला."

"त्यांनी रात्रभर तेच लावलंय," दादा म्हणाला. "आत कोंदट झालंय गं खरंच. मलाच गरगरतंय. वीज आत्ता आली आहे, पण पंखा लावला तरी तीच हवा फिरते. धुकं असेल तर तासभर उघडतो. सांग काय ते."

मी चित्राकडे बघितलं. मऊ, सारखं पांढरं होतं. नदीच्या वळणांवरून वळत गेलेलं. थंडीच्या दिवसांत मी अशी हजार चित्रं पाहिली होती.

"धुकं असावं," मी म्हणाले.

दादाने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. "असावं!" बाबा म्हणाले. हसायला गेले आणि खोकत सुटले. खोकला थांबायला वेळ लागला. मग म्हणाले, "धाकटे, ते असावं... मी काय नाकात घालू? आहे का नाही... एवढं सांग."

मी थांब म्हणायला हवं होतं. वीस मिनिटं थांबा, बाबा, दोन चित्रं अजून यायची आहेत. एवढंच. वीस मिनिटांत कोणी बरणीत मरत नाही. पण मागच्या वर्षीचे ते आठ तास आणि तो कोच माझ्या मनातून गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला त्या दरीत एकदा तरी काहीतरी चांगलं दिसायला हवं होतं. ते मला दिसलं.

"आहे," मी म्हणाले. "धुकं आहे, बाबा."

"हां! असं बोल."

"दहापर्यंत विरेल. तोवर गार हवा घ्या." हे मला कोणी विचारलं नव्हतं, माझी मीच पुढे बोलले. "आणि दादा, तू आता झोप. दोन तास तरी झोप रे. काही झालं तर मी आहे ना बघायला."

दादा नुसता 'हं' म्हणाला. त्या 'हं'मध्येच तो अर्धा झोपला होता. फोन बंद व्हायच्या आधी खिडकीची कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. ती कडी जुनी आहे, अडकते, दोनदा हिसका द्यावा लागतो. दोन्ही हिसके ऐकू आले.

सहा पन्नासचं चित्र आलं. कडा होत्या तिथे होत्या. एका चित्राने काय होतंय, मी स्वतःला म्हणाले. सातचं चित्र आलं. ऊन आता चांगलं वर आलं होतं आणि शेजारच्या दोन लहान दऱ्यांमधलं पांढरं कडेने फाटून आत ओढलं गेलं होतं. तिथे धुकंच होतं. आमच्या दरीची कड केसभरसुद्धा हलली नव्हती. खाली नदी बाहेर पडते तिथून एक पिवळट जीभ मैदानात उतरली होती. रात्री डोंगरावरचा धूर गार हवेबरोबर खाली घरंगळला होता आणि दरीने तो वाटीसारखा भरून घेतला होता.

गुरुजी हातात चहाचे दोन कप घेऊन आले. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी एकदाच पाहिलं. "हा धूर आहे," ते म्हणाले. ते इथे आल्यापासूनच्या अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'आहे' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी दादाला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. वीज आली म्हणून त्याने फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून झोपला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त वाजणं कळत होतं. बाबांचा फोन लावला. तो नेहमीप्रमाणे बंद. सकाळी नऊपर्यंत ते तो खणात टाकून ठेवत, उगाच कुणी सोम्यागोम्या उठवायला नको म्हणून. शेजारचे सगळे निघून गेले होते, त्यांचे नंबर माझ्याकडे होते, ते कुठल्या कुठल्या गावांहून मला म्हणाले, अगं आम्ही तिथे नाहीच. अग्निशमनच्या नियंत्रण कक्षात एक बाई होती. तिने पत्ता लिहून घेतला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "ताई, यादीत तुमच्या आधी एकसष्ट घरं आहेत. आणि गाड्या सगळ्या डोंगरावर आहेत."

दर दहा मिनिटांनी चित्र येत होतं. आमच्या चित्रात अर्धा किलोमीटर म्हणजे एक ठिपका. आमचं घर, नदीकाठची गल्ली, बाबांचं बंद पडलेलं दुकान, सगळं मिळून एक ठिपका होतो. मी तो ठिपका इतका मोठा करून ठेवला की पडद्यावर नुसता एक राखाडी चौकोन उरला. त्याच्याकडे बघत मी फोन लावत बसले. गुरुजी म्हणाले, थोडा चहा घे. मी त्यांच्यावर ओरडले. ते तिथून हलले नाहीत.

आठ वाजता धूर-नकाशा काढायचा असतो. तो मी काढला. हात चालतात, माणसाचं काय व्हायचं ते होवो. दरीभोवती रेघ ओढली, आत दाट रंग भरला, खाली लिहिलं: 'दरीतील पांढरा थर हा धुके नसून धूर असावा. नागरिकांनी दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात.' नकाशा गेला. सगळीकडे गेला, बातम्यांत गेला, दरीतल्या प्रत्येक फोनवर गेला. स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेल्या फोनवरही गेला.

साडेनऊला मोठ्या मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. बाकी सगळ्या कार्यालयांनी सकाळी तिथे धुकं दाखवलं होतं, आपण एकट्यांनी धूर दाखवला, शाबास, म्हणाल्या. दफ्तरात माझी एकही चूक नाही. अजूनही नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी दादाचा फोन आला. तो धापा टाकत होता. मग म्हणाला, "बाबा खिडकीत बसलेत."

उशी पाठीशी घेऊन, खुर्ची खिडकीला लावून ते बसले होते. नळी काढून यंत्रावर गुंडाळून ठेवली होती. खरी हवा आल्यावर जावयाची कशाला मनधरणी करायची, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. त्यांना वास येत नव्हता. समोर पांढरं दिसत होतं आणि ते काय आहे ते त्यांना माहीत होतं, कारण मी सांगितलं होतं. साडेतीन तास ते गार हवा घेत होते.

"ओठ निळे पडलेत," दादा म्हणाला. "खिडकी लावली मी. नळी लावली. अँब्युलन्सवाले म्हणतात घाटात दोन हातांवरचं दिसत नाही, वारा सुटला की निघतो. वारा कधी सुटेल? तू बघतेस ना? बघून सांग."

मी बघितलं. वारा गुरुवारी सुटणार होता. त्या दिवशी सोमवार होता.

"सुटेल," मी म्हणाले.

"गाडीत घालून नेऊ का?"

"मागच्यासारखं होईल रे. बॅटरी किती आहे?"

"चाळीस मिनिटं. गाडीवर लावली तरी आता भरत नाही ती."

चाळीस मिनिटांत तो घाटाच्या निम्म्यावरही पोचला नसता. मी तसं सांगितलं. इथे राहिलं तरी तेच आणि निघालं तरी तेच, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि कुणी म्हटलं नाही. दादाने फोन बाबांच्या कानाला लावला.

बराच वेळ यंत्राची घुरघुर ऐकू आली. मग बाबांचा आवाज, अगदी बारीक. अख्ख्या घराला ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"धाकटे... धुकं फार... दाट आहे गं आज."

सांगावं असं मला वाटलं. बाबा, माझी चूक झाली, मी एकाच चित्रावर बोलले. ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याजवळ चार-चार शब्दांची किती वाक्यं उरली होती, आणि त्यातलं एक मला माफ करण्यात घालवायला कसं लावू?

"हो बाबा," मी म्हणाले. "दाट आहे. विरेल आता."

"हं," ते म्हणाले. समाधानाने म्हणाले. तेच मला सहन होत नाही.

एक वाजायच्या सुमाराला ते गेले. फोन चालूच होता. दादा म्हणाला, "झालं गं." माझ्यासमोर एक वाजताचं चित्र आलेलं होतं आणि ठिपका तसाच राखाडी होता.

रस्ता शुक्रवारी उघडला. मी पोचले तेव्हा त्यांना बाहेर काढायची वेळ झाली होती. चौघं घेऊन ये म्हणाले होते. दोघंच मिळाले, रुग्णालयाच्या गाडीवरचे, तोंडाला मोठाल्या मुखपट्ट्या लावलेले, आणि तिसरा दादा. चौथी मी झाले. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. उलट माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू झोप म्हणालीस आणि मी झोपलो. मी का झोपलो गं?" मी त्याला म्हणाले, चूक माझी आहे, तुझी नाही. त्याने मान हलवली, पण कशाला हलवली ते कळलं नाही. शहरात चल म्हटलं तर म्हणाला, "तिथे काय वेगळं आहे? तुझ्या नकाशात तुझं शहरही आता पिवळंच असतं. तुझ्या वहिनीचं माहेरही पिवळं." ते खरं होतं. ते मीच रंगवत होते.

याला आता तीन आठवडे झाले. जंगल अजून जळतंय. वहिनी आणि मुलं अजून आली नाहीत. दादा त्या घरात एकटा आहे. यंत्र परत द्यायचं होतं, त्याने दिलेलं नाही, अधूनमधून चालू करतो म्हणाला, आवाज लागतो म्हणून.

आज सकाळी पावणेसातला त्याचा फोन आला. त्या दिवसानंतर सकाळचा पहिल्यांदाच.

"बाहेर पांढरं आहे," तो म्हणाला. "काय आहे बघ ना."

"वीस मिनिटं थांब."

"थांबतो."

त्याने फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. दुसरं चित्र आलं. तिसरं आलं. ऊन वर आलं आणि दरीच्या दोन्ही कडा हळूहळू आत सरकल्या. डोंगराचा उतार हिरवा दिसू लागला, मग नदीचं वरचं वळण दिसू लागलं. आगीचा एकही ठिपका जवळपास नव्हता. मी चौथं चित्र येईपर्यंत थांबले. पाचवंही बघितलं. गुरुजी शेजारून बघत होते, त्यांनी मान डोलावली.

"धुकं," मी म्हणाले.

दादाने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आहे, का असावं?"

पाचही चित्रं समोर उघडी होती.

"असावं," मी म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला. "मग बंदच ठेवतो."